मुहियाबादचा पट

पुण्याच्या बुधवार पेठेत, अप्पा बळवंत चौकातील पुस्तकांच्या दुकानांची रांग ओलांडून आणि तांबड्या जोगेश्वरीला बाहेरूनच हात जोडून जो मनुष्य तपकीर गल्लीत शिरतो, त्याच्या कानावर हल्ली एक असे संभाषण पडते, की ज्यातील निम्मे शब्द त्याला अपरिचित वाटावेत आणि उरलेले निम्मे त्याच्या पणजोबालाही सहज उमगले असते. गल्लीत विजेची उपकरणे, तारा, ध्वनिवर्धक आणि संगणकाचे सुटे भाग यांची दाटी असते. त्या दाटीत एखाद्या दुकानाच्या फळीशी उभे राहिलेले महाविद्यालयीन तरुण, आपल्या यंत्राची दुरुस्ती होईपर्यंतचा वेळ, युद्धनीतीच्या एका संगणकी खेळाविषयी तर्क लढवण्यात घालवीत असतात. तो खेळ काढणारी इंग्लंडातील मंडळी आता पुढचा पट कोणत्या शतकाचा मांडणार, अठराव्या शतकाकडे ती पुन्हा वळणार की नाही, वळलीच तर हिंदुस्थानचा नकाशा विस्तारणार की नाही, आणि त्या नकाशावर मराठ्यांना कोणते स्थान देणार, हे त्यांच्या वादाचे मुद्दे. हे सगळे ऐकताना माझी पावले नेहमीच थोडी रेंगाळतात.

हा विषय पोरखेळ म्हणून सोडून द्यावा असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा मनापासून मतभेद आहे. कोणताही समाज जो पट मांडतो, त्यात जय कशाला म्हणावे, पराजय केव्हा झाला असे समजावे, राजा म्हणजे काय आणि प्यादे म्हणजे काय, याविषयीच्या त्या समाजाच्या समजुती नकळत कोरलेल्या असतात. म्हणून पुढचा पट कसा असेल हा प्रश्न, नीट पाहिला तर, मागचा इतिहास आपण कसा वाचला या प्रश्नाचेच दुसरे अंग आहे. आणि हा प्रश्न या पेठेत निघावा यात एक विलक्षण औचित्यही आहे. कारण त्या तरुणांच्या आवडत्या खेळाचा आरंभ इसवी सन १७०० मध्ये होतो, आणि ज्या भूमीवर उभे राहून ते बोलतात तिच्या नामकरणाची कथा १७०३ मधली आहे.

त्या वर्षी औरंगजेब पुण्यात होता. वसंताच्या अखेरीस सिंहगड हस्तगत करून बादशहाने पावसाळ्याची छावणी पुण्यात घातली. त्या मुक्कामात त्याचा नातू, म्हणजे शाहजादा कामबक्ष याचा मुलगा मुही-उल-मिल्लत, मरण पावला, आणि त्याच्या स्मरणार्थ या गावाला मुहियाबाद असे नाव देण्यात आले. आजची बुधवार पेठ ही त्या मुहियाबादची पेठ होय. पुढे पेशव्यांच्या अमदानीत पुण्याच्या पेठांना वारांची नावे रूढ झाली आणि मुहियाबादची बुधवार झाली. बादशहाने दिलेले नाव कागदात राहिले आणि आठवड्याच्या बाजाराला शोभणारे साधे नाव लोकांच्या तोंडी बसले, ही घटना लहान आहे. परंतु या लेखात मला जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज तीतच आहे.

प्रथम जुन्या पटाकडे वळू. दक्षिणेत चतुरंगाचा खेळ किती प्राचीन आहे, हे पाहण्यासाठी कल्याणीच्या चालुक्यांपर्यंत मागे जावे लागते. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तिसऱ्या सोमेश्वराच्या नावावर असलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात राजाच्या विनोदांची जी प्रदीर्घ यादी आहे, तीत चतुरंगालाही स्थान मिळाले आहे. पुढे सतराव्या शतकात नीलकंठभट्टांनी आपल्या ‘भगवंतभास्कर’ या धर्मशास्त्रावरील महाग्रंथात या खेळाची माहिती दिली. हे नीलकंठभट्ट पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या विख्यात भट्ट घराण्यातले. आणि लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की ही माहिती त्यांनी ‘नीतिमयूख’ या भागात, म्हणजे राजनीतीच्या विवेचनात, समाविष्ट केली. पट हा राज्यकारभाराच्या विचाराचा शेजारी आहे, हे आपल्या पंडितांना तेव्हाच मान्य होते.

महाराष्ट्रात हा खेळ ‘बुद्धिबळ’ या सुंदर नावाने नांदला, आणि त्याच्या परिभाषेत दोन संस्कृतींचा संगम झाला. हत्ती, घोडा, उंट ही मोहरी आपल्याच पागेतून आणि पीलखान्यातून आली. वजीर, प्यादे, शह, मात हे शब्द फार्शीने दिले. हे शब्द मराठीने इतके आपलेसे केले, की पटाला कधी हातही न लावलेला शेतकरी भावकीच्या वादात ‘शह’ आणि ‘काटशह’ यांची भाषा बोलतो, आणि ‘प्यादेमात’ हा शब्द कोणाची पुरती फजिती झाली हे सांगण्यास रूढ झाला. प्याद्याने केलेली मात ही सर्वांत मानाची, असा जुन्या खेळाडूंचा दंडक होता. कारण क्षुद्रातल्या क्षुद्र शिपायाकडून राजाला जेरीस आणण्यात खेळणाऱ्याचे कौशल्य अधिक, आणि हरणाऱ्याची मानहानीही अधिक.

देशी खेळाचे नियम आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांहून काही बाबतींत वेगळे होते. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे सरके. राजाला, त्यास शह बसलेला नसेल तर, एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरे चालण्याची मुभा असे. पलीकडच्या टोकाला पोहोचलेले प्यादे ज्या घरात पोहोचे त्या घराच्या मोहऱ्याची पदवी घेई. हत्तीच्या घरी गेलेला शिपाई हत्ती होई, घोड्याच्या घरी गेलेला घोडा. परंतु या सर्व नियमांत मला सर्वाधिक विचार करावयास लावणारा नियम बुर्जीचा आहे. एका पक्षाची सारी मोहरी आणि सारी प्यादी मारली गेली आणि पटावर त्याचा एकटा राजा उरला, तर तो हरला असे समजत नसत. डाव बुर्जी झाला, म्हणजे बरोबरीत सुटला, असे मानीत. त्यामुळे बलाढ्य खेळाडूलाही प्रतिपक्षाची फौज कापताना हात राखावा लागे, कारण सर्वस्व हिरावून घेतलेला राजा त्याच्या हातून निसटे. सर्वनाश म्हणजे विजय नव्हे, हे तत्त्व ज्या खेळाने आपल्या नियमात बांधले, तो खेळ ज्या लोकांनी पिढ्यान्पिढ्या खेळला, त्यांच्या इतिहासात हे तत्त्व प्रत्यक्ष उतरलेलेही आपल्याला लवकरच दिसेल.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या पटाला पश्चिमेचा वारा लागू लागला. तिरुवेंगडाचार्यशास्त्री या विद्वान खेळाडूचा ‘विलासमणिमंजरी’ हा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ. त्यातील डावांची युरोपीय पद्धतीला जुळवून घेतलेली इंग्रजी आवृत्ती मुंबईत १८१४ मध्ये छापली गेली. पेशवाईचा अस्त होण्यास तेव्हा अवघी चार वर्षे उरली होती. दुसऱ्या बाजीरावाचा बुधवारवाडा याच पेठेत होता, आणि संगमावर इंग्रजांचा रेसिडेंट एल्फिन्स्टन बसला होता. राज्याचे नियम बदलण्यापूर्वी खेळाचे नियम बदलू लागले होते, हे आज मागे वळून पाहताना जाणवते. तथापि देशी पद्धती चटकन मेली नाही. विसाव्या शतकात पंजाबातील मीर सुलतान खान हा देशी नियमांवर वाढलेला खेळाडू इंग्लंडला गेला, युरोपीय पद्धती त्याने प्रौढपणी आत्मसात केली, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वर्षे तो ब्रिटनचा विजेता झाला.

इकडे युरोपात त्याच पटापासून एक निराळी शाखा फुटत होती. ब्रन्सविक येथील हेलविग नावाच्या अध्यापकाने १७८० मध्ये बुद्धिबळाची घरे वाढवून, त्यांस डोंगर, नदी, दलदल असे रंग देऊन, विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी युद्धाचा खेळ रचला. प्रशियातील राइसविट्झ पितापुत्रांनी तो विचार पुढे नेला. पित्याने १८१२ मध्ये आपला पट राजासमोर मांडला, आणि पुत्राने १८२४ मध्ये चौकटीची घरे टाकून देऊन मोजणीच्या खऱ्या नकाशावर लाकडी ठोकळ्यांनी तो खेळ सिद्ध केला. त्यात फासे आले, निवाडा देणारा पंच आला, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अज्ञान आले : शत्रूची फौज दृष्टीच्या टप्प्यात आल्याखेरीज ती पटावर दिसत नसे, आणि सेनापतीचा हुकूम पलटणीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागे. प्रशियाच्या सैन्याने हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणाचा भाग केला. बुद्धिबळात दोन्ही खेळाडूंना सारा पट दिसतो. रणांगणावर तसे कधीच दिसत नाही. ही उणीव भरून निघण्यास पटाला हजार वर्षांहून अधिक काळ लागला.

या शाखेचा विस्तार संगणकाच्या पडद्यावर झाला. १९९१ मध्ये अमेरिकेत सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ निघाला, ज्यात एका टोळीपासून साम्राज्यापर्यंतचा प्रवास खेळाडू घडवतो. इंग्लंडातील ससेक्स परगण्यात हॉरशम येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या ‘क्रिएटिव्ह असेंब्ली’ या संस्थेने २००० मध्ये जपानी सरदारांच्या युद्धांवर ‘शोगुन : टोटल वॉर’ हा खेळ काढला, आणि त्या मालिकेतला ‘एम्पायर : टोटल वॉर’ हा मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे होते, काळ १७०० पासून शतकाच्या अखेरीपर्यंतचा होता, वर्षाला दोन चाली होत्या. आणि ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, तुर्कस्तान यांच्या पंक्तीला, खेळाडूने निवडावे अशा सत्तांमध्ये, मराठे होते. घरच्या पाठ्यपुस्तकात वाचलेले राज्य जगाच्या पटावर युरोपीय सत्तांच्या बरोबरीने मांडलेले पाहून पुण्याच्या मुलांना काय वाटले असेल, याची कल्पना करणे अवघड नाही; तो अभिमान निर्मळ होता, आणि त्याबद्दल त्या परदेशी कारागिरांचे आपण ऋणी असले पाहिजे.

त्यानंतर त्या संस्थेने नेपोलियनचा, पुन्हा जपानचा, रोमचा, चीनमधील तीन राज्यांचा, प्राचीन मिसरचा असे अनेक पट मांडले. परंतु ज्यात हिंदुस्थानचा तो नकाशा होता, त्या अठराव्या शतकाच्या खेळाचा दुसरा भाग काही निघाला नाही. तपकीर गल्लीतील तर्क हे त्या प्रतीक्षेचे अपत्य आहे. त्या तर्कात मी माझीही भर घालू इच्छितो, आणि ती इतिहासाच्या विद्यार्थ्याने घालावी तशी, म्हणजे मागच्या पटात काय दिसले नाही हे दाखवून, घालू इच्छितो.

त्या खेळाचा आरंभ १७०० मध्ये होतो, आणि मराठ्यांची राजधानी म्हणून सातारा दाखवला जातो. आता प्रत्यक्षात त्या वर्षी काय स्थिती होती, ते पाहा. संभाजी महाराजांचा १६८९ च्या मार्चमध्ये वध झाला होता. त्याच वर्षी रायगड पडला, आणि येसूबाई व बाल शाहू बादशहाच्या कैदेत गेले. राजाराम महाराज वेषांतर करून दूर कर्नाटकात जिंजीस पोहोचले. जिंजीही १६९८ मध्ये गेली. महाराज परत आले, साताऱ्यास गादी नेली, तो औरंगजेबाने साताऱ्याला वेढा घातला. १७०० च्या मार्चमध्ये महाराज सिंहगडावर निवर्तले, आणि पुढच्याच महिन्यात सातारा बादशहाच्या हाती पडला. राजा गेला, राजधानी गेली, वारस कैदेत, किल्ल्यामागून किल्ला जात आहे : जगातील कोणत्याही पटाचा कोणताही पंच या स्थितीत डाव संपल्याचे जाहीर करील. संगणकाचा पंचही याहून निराळे सांगत नाही. प्रदेश हातचा गेला की सत्ता नकाशावरून पुसली जाते.

डाव मात्र संपला नाही. ताराबाईंनी कारभार हाती घेतला. रामचंद्रपंत अमात्यांसारखे मुत्सद्दी आणि धनाजी जाधवांसारखे सेनानी, हुकूम देणारे सिंहासन स्थिर नसतानाही, आपापल्या ठिकाणाहून लढत राहिले. खजिना रिकामा असल्यामुळे वेतनाऐवजी वतनांची आणि मुलखांची आश्वासने देऊन फौजा उभ्या राहिल्या. आणि बादशहा एक किल्ला घेई तोवर दुसरा परत मराठ्यांकडे येई. १७०३ मध्ये मुहियाबादचे नाव ठेवून बादशहा पुण्याहून निघाला, आणि १७०४ मध्ये सातारा मराठ्यांनी परत घेतला. १७०७ मध्ये अहमदनगरजवळच्या छावणीत औरंगजेबाचा अंत झाला, तेव्हा त्याच्या पटावर जवळजवळ सारी मोहरी होती आणि तरीही त्याला मात देता आलेली नव्हती. आपल्या आजोबांच्या बुर्जीच्या नियमाचा अर्थ मला या अठरा वर्षांत दिसतो. बादशहाने सर्वस्व कापून काढले, आणि राज्य त्याच्या हातातून निसटले. कारण ते राज्य एका राजाच्या देहात किंवा एका गडाच्या तटात साठवलेले नव्हते, ते हजारो वतनदार, शिलेदार, कारकून आणि जासूद यांच्या परस्पर विश्वासात पसरलेले होते.

म्हणून माझा पहिला तर्क, किंवा अपेक्षा म्हणा, अशी आहे, की पुढच्या पटाने मराठ्यांना न्याय द्यावयाचा तर त्यात राजधानी पडल्याने डाव संपता कामा नये. त्या पटावर निष्ठा ही मोजण्याची वस्तू असावी. सरंजाम दिला तर सरदार बळावतो आणि त्याच बळाने तो दुरावतोही. वतनाच्या लोभाने देशमुख इकडून तिकडे जातो आणि प्रसंगी परतही येतो. ज्या व्यवस्थेने १७०० मध्ये राज्य वाचवले, तिच्याच पोटातून पुढच्या काळातील सरदारांचे स्वातंत्र्य आणि कलह जन्मास आले. हा गुणच दोष होण्याचा प्रवास पटावर उतरला, तर अठराव्या शतकाची कहाणी खेळणाऱ्याला आपोआप कळेल.

दुसरा तर्क रसदेविषयी आहे, आणि त्यासाठी या पेठेच्या चौकाच्या नावापाशीच थांबले तरी पुरे. अप्पा बळवंत म्हणजे अप्पा बळवंत मेहेंदळे; त्यांचा वाडा येथे होता. त्यांचे वडील बळवंतराव मेहेंदळे हे भाऊसाहेबांच्या उजव्या हाताचे सरदार, ते १७६० च्या डिसेंबरात पानिपतावरील चकमकीत पडले. त्याच महिन्यात अंतर्वेदीतून रसद पाठवण्याची धडपड करणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले. ऑक्टोबरच्या अखेरीपासून १४ जानेवारी १७६१ पर्यंत, अडीच महिने, दोन फौजा समोरासमोर बसून होत्या. त्या अडीच महिन्यांत मराठ्यांना ज्याने खाल्ले तो शत्रू तलवारीचा नव्हता, तो धान्याच्या आणि वैरणीच्या अभावाचा होता, आणि सैन्याबरोबर आलेल्या यात्रेकरूंचा व बुणग्यांचा भार त्या अभावाला दुप्पट करीत होता. पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना नर्मदेच्या परिसरात प्रथम मिळाली ती एका सावकारी पत्रातून, मोत्यांच्या आणि मोहरांच्या सांकेतिक भाषेत, अशी जी हकिकत प्रसिद्ध आहे, तिचा अर्थही हाच, की सरकारी डाकेच्या आधी पेढीची डाक पोहोचत असे. ज्या पटावर घोडेस्वार आणि तोफा मोजल्या जातात, परंतु बैल, बंजारे, बाजारभाव आणि हुंडी मोजली जात नाही, त्या पटावर पानिपत समजणार नाही.

हेच ज्ञान जेव्हा आपल्या बाजूने वापरले गेले, तेव्हा काय झाले, हेही या पेठेच्या रहिवाशांच्या इतिहासात आहे. १७२८ मध्ये निजाम-उल-मुल्कने पुणे व्यापले असता पहिल्या बाजीरावाने पुण्याकडे धाव घेतली नाही. तो निजामाच्याच मुलखात औरंगाबाद आणि बऱ्हाणपूर यांच्या बाजूला हुलकावण्या देत राहिला, निजामाला आपल्या मागे ओढून त्याच्या जड तोफखान्यापासून वेगळे केले, आणि पालखेडजवळ पाण्यापासून तोडून तहास भाग पाडले. फील्ड मार्शल माँटगोमेरी यांनी आपल्या युद्धेतिहासात या मोहिमेची जी प्रशंसा केली, ती याच चपळाईसाठी. पुणे शत्रूच्या हाती असताना पुण्याचा पेशवा शांतपणे दुसरीकडे चाल करतो, हेदेखील राजधानीला सर्वस्व न मानण्याचेच उदाहरण आहे.

दुसरा प्रसंग वडगावचा. राघोबादादांना गादीवर बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांची फौज १७७८ च्या अखेरीस घाट चढू लागली. तिच्याबरोबर सामान वाहणारे एकोणीस हजार बैल होते, आणि त्यांच्यामुळे ती दिवसाला जेमतेम कोस-दीड कोस सरके. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी तिला मोठी लढाई दिली नाही. वाटेवरची दाणावैरण नाहीशी केली, आजूबाजूने चकमकी चालू ठेवल्या. कार्ल्यापाशी कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांच्या तोंडचा इष्टुर फाकडा, पडला. आणि १७७९ च्या जानेवारीत ती फौज तळेगावास पोहोचली तो गाव जळून गेलेले. प्रसंग आलाच तर पुणेही जाळण्याची सिद्धता ठेवली होती. इंग्रजांनी रात्री माघार घेतली, वडगावला त्यांना वेढा पडला, आणि त्यांनी तहावर सही केली. ज्या नाना फडणिसांनी हे घडवले, ते अठरा-एकोणिसाव्या वर्षी पानिपतातून जिवंत परतलेले होते. तेथे त्यांची आई हरवली होती. भुकेने फौज कशी मरते हे त्यांनी पुस्तकात वाचले नव्हते. त्यांनी बांधलेले बेलबागेचे लक्ष्मी-विष्णूचे देऊळ याच बुधवार पेठेत आहे. रोज हजारो लोक दगडूशेठ हलवाई गणपतीच्या दर्शनाला जाताना त्याच्या दारावरून जातात.

नानांचे हत्यार कोणते, असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच येते : कागद. पदवीने ते फडणीस, म्हणजे हिशेबाचे अधिकारी. दरबारोदरबारी त्यांचे वकील आणि बातमीदार, त्यांच्याकडून येणारे अखबार, सावकारांशी चाललेले कर्जाचे व्यवहार, मुलूखगिरीचे ताळेबंद, हे त्यांचे सैन्य. प्रशियातील राइसविट्झने युद्धाच्या खेळात अज्ञान आणले, ही त्याची मोठी देणगी. परंतु त्या अज्ञानावर मात करण्यासाठी माणसे पेरावी लागतात, त्यांना पगार द्यावा लागतो, त्यांच्या पत्रांतले खरेखोटे निवडावे लागते, आणि पत्र पोहोचेपर्यंत परिस्थिती बदललेली असते, हे सर्व पेशवाईच्या कारभारात नित्याचे होते. पुढच्या पटाविषयी माझा तिसरा तर्क हा, की त्यात बातमीला वजन असेल आणि कर्जाला व्याज असेल. पहिल्या बाजीरावापासून प्रत्येक पेशव्याच्या पत्रव्यवहारात कर्जाची चिंता आहे. ती चिंता ज्या पटावर नाही, तो पट तलवारींचा आहे, राज्याचा नाही.

असा पट रचावयास साधने नाहीत, असे कोणी म्हणू शकणार नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे लक्षावधी बंद आहेत. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी त्यांतून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत संपादित होऊन प्रसिद्ध झाले. त्याआधी, १९१० मध्ये, इतिहासाचार्य राजवाडे यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पानिपतावर पडलेल्या मेहेंदळ्यांच्या घराण्यातील पुरुषाने, दीडशे वर्षांनी, त्या काळाचे कागद जपणाऱ्या संस्थेच्या पायाशी उभे राहावे, यापरते मोठे तर्पण कोणते? धान्याचे भाव, घोड्यांच्या खरेदीचे दर, शिबंदीचे पगार, जासुदांना दिलेली बक्षिसे, गढीच्या दुरुस्तीचा खर्च : खेळ रचणाऱ्याला जे आकडे लागतात, ते या दप्तरांत कारकुनांच्या वळणदार अक्षरात लिहिलेले आहेत. त्यांना वाचणारा मोडीचा जाणकार आणि त्यांतून नियम घडवणारा संगणकाचा जाणकार यांची भेट व्हावयाची आहे, एवढेच.

ती भेट हॉरशमलाच व्हावी असेही नाही. पुण्यात आता खेळ घडवणाऱ्या संस्था आहेत. येथील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये काढलेला ‘राजी’ हा खेळ आपल्या पुराणकथांच्या आणि वास्तुशिल्पाच्या आधाराने रचलेला असून देशाबाहेरही खेळला गेला. तो खेळ साहसाचा आहे, राज्यनीतीचा नाही. परंतु जे कौशल्य एका प्रकारात सिद्ध झाले, ते दुसऱ्या प्रकारात होणार नाही असे मानण्यास कारण नाही. परदेशातील कारागिरांनी आपल्याला त्यांच्या पटावर घर दिले. आपला पट आपल्या नियमांनी मांडणे हे मात्र आपले काम आहे, आणि ते त्यांच्याकडून व्हावे म्हणून वाट पाहत बसणे मला कमीपणाचे वाटते.

या पेठेने स्वतःचे किती पट मोडताना पाहिले! बुधवारवाडा इंग्रजी अमलात कचेऱ्यांचे आणि वाचनालयाचे ठिकाण झाला, आणि १८७९ च्या मे महिन्यात आगीत भस्मसात झाला. १८४८ मध्ये भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा शतकानुशतके एकच घर चालणाऱ्या प्याद्याला पलीकडच्या टोकापर्यंत जाण्याचा मार्ग याच पेठेत मोकळा झाला. वाडे गेले, चौक राहिले. सरदारांची नावे राहिली, आणि त्यांच्या आवारांत पुस्तके आणि यंत्रे विकली जाऊ लागली. तपकीर गल्लीत ज्या फळीशी ते तरुण पुढच्या खेळाचा तर्क करीत उभे असतात, ती जागा एके काळी मुहियाबाद म्हणून बादशाही दप्तरात नोंदली गेली होती. ते नाव ठेवणाऱ्याकडे त्या वर्षी साताराही होता आणि सिंहगडही होता. पुढच्या पटाच्या नकाशावर हे ठिकाण कोणी दाखवलेच, तर त्याच्या चिठ्ठीवर मुहियाबाद असे लिहून डाव सुरू करावा, आणि डाव संपेपर्यंत खेळणाऱ्याच्या हातून ते पुसले जाऊन तेथे बुधवार असे उमटावे. एवढे साधले तर त्या तरुणांना आणि त्यांच्या पणजोबांना एकाच पटावर बसता येईल.